सासूबाईंना सांग, शतपावली घालते आहे

नर्सबाई, नमस्कार.

माझं वय २५. सासर अमळनेर तालुक्यात, माहेर धुळ्याचं. सध्या सहावा महिना चालू आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला मी सगळ्या बायांबरोबर वाजतगाजत नदीपर्यंत चालत गेले होते. तेव्हा अडीच महिने झाले होते. आठ दिवसांनी अंगावर जायला लागलं आणि पोट पडलं. तेव्हापासून सासूबाईंच्या मनात बसलंय की चालण्यानेच गेलं. त्या वाईट नाहीत, मला पाण्याचा हंडासुद्धा उचलू देत नाहीत. पण मी ओट्याखाली पाय ठेवला की लगेच विचारतात, 'कोठे चालनी वं माय?'

मागच्या तपासणीला साखरेचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, ते १४८ आलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गोड बंद करा, रोज अर्धा तास चाला, पंधरा दिवसांनी परत बघू. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, 'दिवसभर घरात वावरतेस ते चालणं नाही का? आम्ही नववा लागेपर्यंत कापूस वेचला, आम्हाला कोणी फिरायला पाठवलं नाही.' आणि गल्लीत बिनकामाचं फिरलं तर लोक नावं ठेवतील ते वेगळंच. त्यात ह्यांनी सप्तशृंगी मातेला नवस बोललाय, दिवस गेले तर दोघं पायी गडावर येऊ. चैत्रात गावातले लोक पायी निघतील. मी चालू की नको चालू? रात्र रात्र झोप लागत नाही.

— तुमची एक वाचक

पोरी,

साखरेचं आणि गडाचं बोलूच, पण आधी श्रावणातल्या त्या विसर्जनाच्या सोमवारचं बोलू. तुझी झोप १४८ या आकड्याने उडालेली नाही. ती त्या नदीच्या वाटेने उडवली आहे.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यातले निम्मे किंवा त्याहूनही जास्त गर्भ मुळात बीज जुळतानाच बिघडलेले असतात. आईकडून आणि बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रांची मोजणी कुठेतरी चुकते, एखादं जास्त येतं, एखादं कमी पडतं, आणि मग त्या जिवाची वाढ पुढे होऊच शकत नाही. बऱ्याचदा रक्त दिसायच्या कितीतरी दिवस आधीच वाढ थांबलेली असते. आपल्याला कळतं ते शेवटी, आणि मग आपण मागे वळून बघतो की आठ दिवसांत काय केलं होतं. कुणी एसटीत बसलेली असते, कुणी पपई खाल्लेली असते, तू कानबाईबरोबर चाललेली होतीस. नीट चाललेल्या गरोदरपणात साधं चालणं गर्भ पाडत नाही. तू पाळण्यात झोपून राहिली असतीस तरी बहुतेक तेच झालं असतं.

माझंही पहिलं असंच गेलं होतं. तेव्हा मी आजारपणाच्या रजेवर होते, घरात, अंथरुणावर. दुसऱ्या खेपेला नोकरी सोडून चालणार नव्हतं. आठव्या महिन्यापर्यंत लसींचा डबा खांद्याला लावून सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यापाड्यांवर फिरले. तो मुलगा आज तिशी ओलांडून गेलाय. माझ्या एकटीच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण तीस वर्षं उपकेंद्रात काढली, शेकडो बायांची कार्डं भरली, आणि पोट पडलं की दोष बाईच्या पायांवर, हातांवर, खाण्यावर टाकायचा, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा मला अजून संताप येतो. तू तो दोष आजपासून खाली ठेव. सासूबाईंनाही हा परिच्छेद वाचून दाखव. त्यांनीसुद्धा तो नातवंडाचा दुखवटा मनात धरून ठेवलाय, म्हणून तर त्या ओट्यावर पहारा देतात.

आता १४८. गरोदरपणात वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा नाळेचा गोळा, जे हार्मोन सोडते, त्यामुळे अंगातलं इन्सुलिन नीट लागू पडेनासं होतं आणि साखर रक्तातच साचते. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त आलं, तर त्याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. तुझा आकडा थोडाच वर आहे. अशा वेळी आधी दोन आठवडे जेवण आणि चालणं यांवरच भर देतात, आणि मग जेवणानंतर दोन तासांनी परत रक्त तपासतात. ते १२० च्या आत आलं तर असंच पुढे चालू ठेवायचं. नाही आलं तर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतात, त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे मॅडमनी तुला जे चालायला सांगितलंय ते हवा खायला नव्हे, ते औषधच आहे. पायाचे आणि मांडीचे मोठे स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही.

म्हणून वेळ महत्त्वाची. साखर चढते ती जेवल्यावर. तेव्हा अर्धा तास एकदम चालण्यापेक्षा, सकाळची न्याहारी, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण झालं की प्रत्येक वेळी दहा-दहा मिनिटं चालणं तुझ्यासाठी जास्त उपयोगाचं. आणि बघ, याला आपल्याकडे नाव आहे. शतपावली. जेवून उठल्यावर शंभर पावलं चालावं, हे सासूबाईंच्या सासूबाईही सांगून गेल्या असतील. शतपावलीला कोणी 'फिरायला जाते' म्हणत नाही, नावंही ठेवत नाही. जरा भरभर चाललं की एका मिनिटात साधारण शंभर पावलं पडतात. म्हणजे तुला एका वेळी दहा शतपावल्या घालायच्या आहेत, एवढाच फरक. पंधरा पावलांचं अंगण असलं तरी पुरतं. गच्ची असेल तर उत्तम, फक्त कठडा बघ आणि जिन्यावर अंधार ठेवू नकोस. दुपारची दहा मिनिटं तर घराच्या आतच, ओसरीतून मागच्या दारापर्यंत. बाहेर उन्हात नाही.

किती भरभर चालायचं, हे घड्याळाने नको ठरवूस. चालता चालता बोलता आलं पाहिजे. कानबाईचं गाणं मात्र सलग म्हणता येऊ नये, मधे दम घ्यावा लागावा. बोलणंही तुटायला लागलं तर पाय हळू कर. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटांनी सुरुवात केलीस तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलं, त्यात गरोदर बाईने आठवड्याला निदान १५० मिनिटं असा मध्यम व्यायाम करावा असं आहे. तुझ्या दहा-दहा मिनिटांच्या तीन शतपावल्या रोज झाल्या तर आठवड्याची २१० मिनिटं होतात. एखाद्या दिवशी अंग जड वाटलं, नाही जमलं, तर त्या दिवशी स्वस्थ बस.

'दिवसभर घरात वावरतेस ते चालणं नाही का?' हा प्रश्न चुकीचा नाही, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. घरातल्या कामात बाई वाकते, उकिडवी बसते, गॅसपुढे तासभर एकाच जागी उभी राहते, दोन पावलं टाकून परत थांबते. त्याने थकवा येतो, कंबर धरते, पाय सुजतात. पण श्वास आणि नाडी एका लयीत वाढून दहा मिनिटं तशीच टिकेल असं त्यात क्वचितच होतं. शिवाय एकाच जागी फार वेळ उभं राहणं या दिवसांत वाईटच. भाकरी थापायचं काम उंच स्टुलावर बसून करता आलं तर बघ.

आणि कापूस वेचण्याबद्दल. सासूबाई खरंच बोलतात. आपल्या खानदेशात त्या पिढीने नववा महिना लागेपर्यंत वेचणी केली, कमरेला ओटी बांधून, वाकून, उन्हात. पण त्यांच्यावर तेव्हा कुणी उपकार केले नव्हते, ती त्यांची नाइलाजाची मजुरी होती, आणि त्या काळी किती बायांची बाळं कमी वजनाची झाली, किती जणी बाळंतपणात दगावल्या, हे त्यांच्याच आठवणीत असेल. एकदा प्रेमाने विचार त्यांना. ज्या बाया आजही केळीच्या बागेत, विटांच्या भट्टीवर दिवसभर राबतात, त्यांना मी कधीच 'चाला' म्हणत नाही. त्यांना मी सांगते, बसा, डावीकडे कूस करून पडा, ओझं खाली ठेवा. चालण्याचा सल्ला त्यांच्यासाठी नाही. तुला हंडाही उचलू देत नाहीत, तू दिवसाचा बराच वेळ बसून असतेस, साखर वर आहे, म्हणून तो तुझ्यासाठी आहे.

पण सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासून घे. पाचव्या महिन्यात जी मोठी सोनोग्राफी झाली, तिच्या कागदावर वार कुठे आहे ते लिहिलेलं असतं. वार पिशवीच्या तोंडावर आली असेल, खाली असेल, तर मॅडमनी पुन्हा बघून हो म्हणेपर्यंत चालायचं नाही. पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय का, बीपी वाढलंय का, हेही. आणि तिसरं म्हणजे हिमोग्लोबिन. ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. लोहाची गोळी रोज घे, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर किंवा जेवणानंतर. पण गोळीच्या आधी-नंतर तास-दीड तास चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. आपल्याकडे दिवसाला पाच वेळा चहा होतो आणि निम्मं लोह त्यातच वाया जातं. ७ च्या खाली गेलं असेल तर चालणं वगैरे बाजूला ठेव, ते दवाखान्यात दाखल होण्याचं दुखणं आहे. मॅडमनी तुला स्वतःहून चालायला सांगितलं, म्हणजे बहुधा हे सगळं ठीकच असणार. तरी विचार. विचारण्यात कमीपणा नाही.

ऊन ही आपल्या भागातली खरी अडचण आहे. होळी झाली की खानदेशात पारा चढायला लागतो, आणि वैशाखात जळगाव-भुसावळकडे ४५ च्या पुढे जातो. गरोदर बाईचं अंग आधीच गरम असतं, रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं, हृदय जास्त काम करत असतं. भर उन्हात चाललीस तर बाळापर्यंत जायचं रक्त कातडीकडे, अंग गार करायला वळतं. म्हणून बाहेर जायचं असेल तर सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. रिकाम्या पोटी जाऊ नकोस, आणि आधी पेलाभर पाणी पी. लघवी पिवळीजर्द झाली तर समज, पाणी कमी पडतंय. तेव्हा चालणं सोड, माठातलं पाणी पी, ताक पी. गळ्याला सुती ओढणी किंवा पदर ओला करून घेतलास तर आणखी बरं.

पायात रबरी स्लिपर नको. सहाव्या महिन्यापासून सांधे ढिले होतात, पोट पुढे येतं, तोल बदलतो, आणि स्लिपर पायातून निसटते. मागे पट्टा असलेली सपाट सँडल घे. ती संध्याकाळी विकत घे, कारण संध्याकाळी पाय सुजलेले असतात, तेव्हा जी बसेल तीच बरोबर. शेताच्या बांधावर नको, ढेकळांवर नको. बाहेर चालायचंच झालं तर जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण बघ. सकाळी तिथे मुलं नसतात, जमीन सपाट असते आणि ट्रॅक्टर येत नाहीत. कुत्री असतील तर सोबत काठी घेतलेलं कुणीतरी हवंच.

ते कुणीतरी म्हणजे सासूबाईच. मी हे सुचवते ते त्यांचं मन राखायला नाही. त्यांचंही वय पन्नाशीचं असणार, त्यांचीही साखर कधी बघितलेली नसणार, आणि गल्लीत दोघी बरोबर निघाल्या की 'कोठे चालनी' असं विचारायला मागे उरतं कोण? माझ्या भागातल्या एका गावात अशीच एक सून होती. तिचा नवरा ट्रकवर असायचा, सासू घराबाहेर पडू द्यायची नाही. आमच्या आशाताईने युक्ती केली. सासूला म्हणाली, 'मावशी, तुमचे गुडघे धरलेत, रोज हिच्यासोबत मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन या, नाहीतर आखडून जातील.' आठवड्याभरात सासूच सुनेला हाका मारायला लागली. नंतर शेजारच्या दोघी सामील झाल्या. गावात बाईने बिनकामाचं चालायला कारण लागतं, हे मला मान्य नाही, कुणालाच मान्य असू नये. पण आज तुला बाळ सांभाळायचंय, गावाशी भांडायचं नाही. तेव्हा देऊळ तर देऊळ, गुडघे तर गुडघे.

सासूबाई, तुम्हीही हे वाचत असाल असं धरून बोलते. सुनेला जपता, ते दिसतंय. हंडा तुम्ही उचलता, ही लहान गोष्ट नाही. आता एवढंच करा, जेवणं झाली की भांडी दहा मिनिटं तशीच राहू द्या आणि तिच्यासोबत अंगणात फेऱ्या घाला. तिचा हात धरायला कुणी असलं की तिची भीती जाईल, आणि तुमचीही.

आता गड. पायी जायचं नाही. हे मी अगदी स्पष्ट सांगते, यात माझं मन जरासुद्धा डळमळत नाही. रोज जेवणानंतर दहा मिनिटं चालणं वेगळं आणि चैत्रातल्या उन्हात डांबरी रस्त्याने धुळे-मालेगाव करत कित्येक दिवस चालणं वेगळं. त्यात रात्री उघड्यावर मुक्काम, वेळेवर न मिळणारं जेवण, रस्त्यात भंडाऱ्याला मिळणारा गोड शिरा-बुंदी, तुझी ती साखर, वाहनांची गर्दी आणि शौचाची गैरसोय. सातव्या महिन्याच्या तोंडावर हे कुणीही तुला करू देऊ नये. तुझा नवरा एकटा जाऊ शकतो, त्याने जावं. पण नवसाचं त्याला एक सांग. नवस पूर्ण झाल्यावर फेडतात. दिवस गेले, ही सुरुवात झाली. देवीने दिलेलं लेकरू हातात आलं की नवस पुरा झाला. मग पुढच्या चैत्रात बाळाला घेऊन, गाडीने नांदुरीहून घाटाने गडावर आणि तिथून देवळापर्यंत ट्रॉलीने जा, ओटी भर. गडावर अशी लेकरं घेऊन आलेल्या किती आया दिसतात, तूच बघितल्या असतील.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाशील तेव्हा धुळ्यातही तेच ऊन असेल, आणि तुझी आई आमरस-पुरणपोळीचा आग्रह करेल. तिला हे पत्र दाखव. अर्धी वाटी रस जेवणाबरोबर आणि त्यानंतर शतपावली न चुकता, एवढ्यावर तिला थांबव. झोके मात्र या वर्षी दुसऱ्यांना घेऊ दे. एरवी रोजच्या ताटात दादर ज्वारीची नाहीतर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, उसळ, पालेभाजी, एक वाटी वरण. केळी आपल्या घरची असली तरी एका वेळी अर्धंच, आणि जेवणावर नाही, दोन जेवणांच्या मधे.

चालताना काही झालं तर काय, हेही सांगून ठेवते, कारण माहीत असलं की भीती कमी होते. पोट दुखून थांबून थांबून घट्ट होऊ लागलं, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, डोकं सणसणायला लागलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर चालणं तिथेच थांबव आणि दवाखाना गाठ. गाडी नसेल तर १०८ ला फोन लाव. तपासणीला आणि बाळंतपणाला ने-आण करायला १०२ ची गाडी असते, तिचा नंबर आशाताईला आधीच विचारून ठेव. आणि चालताना बाळ हललं नाही म्हणून घाबरू नकोस. आपल्या चालण्याच्या झुल्यात ते बहुधा झोपतं, आणि आपलंही लक्ष पायांकडे असतं. बसल्यावर, जेवल्यावर, कुशीवर पडल्यावर हालचाल बघ. नेहमीसारखी वाटली नाही तर त्याच दिवशी दाखव, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस.

आणखी एक ऐकायला मिळेल, की शेवटच्या महिन्यात खूप चाल म्हणजे नॉर्मल होशील. चालणाऱ्या बायांना सिझरची गरज थोडी कमी पडते, हे खरं आहे. पण हमी कुणाचीच नाही. बाळ आडवं असेल, ठोके कमी होत असतील, तर कितीही चाललीस तरी सिझर करावंच लागतं, आणि तेव्हा 'मी चालायला कमी पडले' असं मनात आणायचं नाही. एकदा पायांवर दोष टाकून झालाय. पुन्हा नको.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर नक्की भेटतात. पंधरा दिवसांची साखर त्याच सुमारास करून घे, कार्ड आणि सोनोग्राफीचा कागद सोबत ने, वारेचं विचार. सासूबाईंना बरोबर ने आणि मॅडमसमोर त्यांच्याच तोंडून विचारू दे, 'हिने चाललं तर चालतं का?' माझ्यापेक्षा तिथलं उत्तर त्यांना जास्त पटेल. जेवणानंतरचा आकडा काय आला ते मला कळव, आणि अंगणात किती फेऱ्या झाल्या तेही.

तुझी नर्सबाई